विकुन्याची लोकर आणि राखणदाराचा वाटा

वस्तू दुर्मिळ झाली की तिची किंमत वाढते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम. वन्य प्राण्याच्या बाबतीत मात्र ही किंमतच त्याच्या जिवावर उठते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारांवर राहणारा, उंटाच्या कुळातील विकुन्या हे याचे उदाहरण होय. इंका राजवटीत विकुन्यांना घेरून पकडीत, लोकर कातरीत व बहुतेकांना सोडून देत. स्पॅनिश अमलात बंदुका आल्या आणि लोकरीसाठी प्राणीच मारला जाऊ लागला. १९६० च्या दशकात त्यांची संख्या काही हजारांवर आली.

१९६७ साली पेरूने पाम्पा गालेरास येथे अभयारण्य स्थापिले. पुढे आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. बंदीने प्राणी वाचला. पण त्याला राखणदार लाभले ते १९९० च्या दशकात, जिवंत विकुन्याची लोकर कातरून विकण्याचा हक्क डोंगरातील गावकऱ्यांना मिळाल्यावर. आज विकुन्ये काही लाख आहेत.

एका प्राण्यापासून दोन वर्षांनी जेमतेम पाव किलो लोकर मिळते. तिच्या कोटाला युरोपात हजारो डॉलर पडतात. गावकऱ्याच्या हाती त्यातील अत्यल्प वाटा येतो. राखणदारालाच रास्त मोबदला नसेल, तर ही राखण किती काळ टिकणार, याचा विचार व्यापाराचे नियम करणाऱ्यांनी वेळीच केला पाहिजे.