आकाशातला महास्फोट उजळतो कशाने? खोडदच्या तबकड्यांना अर्धं उत्तर सापडलंय

नाशिक : एखादा अवाढव्य तारा मरताना काही सेकंद गॅमा किरणांचा लोट सुटतो. सूर्य आयुष्यभरात देईल तेवढी ऊर्जा तेवढ्यात बाहेर पडते. याला गॅमा किरण स्फोट म्हणतात. घाबरायचं कारण नाही. आपल्या हवेचं कवच हे किरण वरच अडवतं. म्हणून ते पकडायला उपग्रह लागतो.

पण हा उजेड तयार कसा होतो?

लोहाराच्या भट्टीतलं लोखंड बघा. आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं. रंगावरून ते किती तापलंय हे कळतं. शास्त्रज्ञही किती ऊर्जेचे किरण किती आले, हे मोजतात. त्यालाच वर्णपट म्हणतात. तापलेल्या वस्तूचा उजेड ठराविक पट्ट्यात गोळा होतो. या स्फोटांचा मात्र लांबवर पसरलेला दिसतो. नुसत्या उष्णतेने हिशेब जुळत नाही.

दोन मतं

पहिलं मत : ताऱ्यातून जवळपास प्रकाशाच्या वेगाने झोत सुटतो. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि किरण सोडतात.

दुसरं मत : झोत म्हणजे तापलेला दाट रस्साच. तो पातळ झाला की आत अडकलेला उजेड सुटतो. वाटेत इलेक्ट्रॉनशी धडका होऊन त्याचा वर्णपट रुंदावतो.

अडचण अशी, की दोन्ही गणितं वर्णपटाशी जुळवता येतात. मग निवाडा कसा करायचा?

दोरीची लाट

दोरीला झटका दिला तर लाट वर-खाली जाते किंवा आडवी. किरणांचंही तसंच असतं. चुंबकीय क्षेत्र एकाच दिशेत असेल, तर बहुतेक किरण एकाच दिशेने डोलतात. २८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहाने हेच मोजलं. पहिल्या ५ वर्षांतल्या २० तेजस्वी स्फोटांपैकी बहुतेकांत असा एकसारखेपणा कमी निघाला. काहींत तर डोलण्याची दिशा स्फोट चालू असतानाच बदलली. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

खोडदला काय दिसतं?

स्फोटानंतर झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतो आणि मंद उजेड बरेच दिवस, कधी कधी महिनोन् महिने टिकतो. त्याच्या रेडिओ लहरी नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नारायणगावजवळ, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० तबकड्या टिपतात. हा नंतरचा उजेड गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनचाच, यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे. कोडं उरलंय ते पहिल्या काही सेकंदांचं.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. पोरांना घेऊन जरूर जा. फक्त दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवा. त्या क्षीण लहरींपुढे आपला फोन म्हणजे लग्नातला डीजेच.