चार फुटी अस्वलाची आंघोळ

गेल्या मे महिन्यात भाचीचं चार फुटी अस्वल आम्ही टबात बुडवून धुतलं आणि गच्चीवरच्या दोरीला दोन्ही कानांनी टांगलं. कोरडं असताना पोरगी ज्याला काखेत मारून हिंडायची, ते धूड भिजल्यावर दोघांना आवरेना. संध्याकाळी एक कान शिवणीतून सुटला. तिसऱ्या दिवशी वरची लव खडखडीत वाळली होती, पण पोट दाबलं की तळहाताला गार लागे. पाचव्या दिवशी कुबट वास सुटला.

आतला कापूस हा कापूस नसतोच. ते पॉलिस्टरचं फायबर. बाजारात त्याला रेक्रॉनही म्हणतात. ते स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, पण धाग्यांमधल्या फटींत पाणी अडकून बसतं. ऊन-वारा पोचतो तो वरच्या थरापर्यंत. गाभा ओलाच राहतो, आणि बुरशीला आणखी काय हवं?

उपाय आपल्या घरात जुनाच आहे. कापसाची गादी कोणी सबंध भिजवत नाही. ती उसवायची, खोळ धुवायची, कापूस पिंजून घ्यायचा. मोठं टेडी म्हणजे नाक-डोळे असलेली गादीच. त्याच्या पाठीवरची लव बाजूला सारली की बहुधा हाताने घातलेले टाके दिसतात. फायबर भरून झाल्यावर तोंड तिथे मिटवलेलं असतं. तेवढेच उसवा. आवाजाची डबी असेल तर तीही इथूनच काढा. आत थर्माकोलचे मणी निघाले तर आधी मोठी पिशवी लावा, नाहीतर दिवाळीपर्यंत घरभर मणी वेचाल.

फायबर उशीच्या अभ्र्यात भरून ऊन दाखवा. मळलेलं नसेल तर धुवायचंच कशाला? खोळ उलटी करा, म्हणजे डोळे-नाक आत सुरक्षित राहतात. कोमट पाणी, लोकरीच्या कपड्यांचा पातळ साबण, दहा-पंधरा मिनिटं. पिळायचं नाही, जाड टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत, वाऱ्यावर, आडवं पसरायचं. घाई झाली म्हणून हेअर ड्रायर जवळ धरू नका. ही लव प्लॅस्टिकच्याच जातीची. गरम हवेने टोकं वितळून खरखरीत झाली की ती पुन्हा मऊ होत नाहीत. किंचित दमट असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरावी. पावसाळ्यात मात्र या भानगडीत पडूच नये.

भरताना फायबर बोटांनी मोकळं करून घ्या, गोळे तसेच कोंबले तर अंगावर गाठी दिसतात. आधी हात-पाय आणि डोकं, मग मान चांगली ठासून, पोट शेवटी. तोंड दुहेरी दोऱ्याने, टाके आत लपतील असं शिवा.

आम्ही या खेपेला सगळं रीतसर केलं. भाचीने अस्वलाला मिठी मारली आणि लगेच सोडलं. “मामा, हा बारीक झालाय.” अभ्र्यात तळाशी दोन मुठी फायबर राहिलं होतं. चार टाके पुन्हा उसवले.