तोडलेला आंबाही श्वास घेतो!

रत्नागिरीत आंब्याचा सीझन आणि सबमिशनचा सीझन एकदमच येतो. होस्टेलच्या खोलीत कॉटवर अपुरी जर्नल्स आणि कॉटखाली आंब्याची पेटी! पेटीतली हिरवी, कडक, आंबट फळं आठवड्या-दीड आठवड्यात पिवळी, मऊ आणि गोड होतात. आता आपण इंजिनीअरिंगवाले, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडायला हवा की या कामाला लागणारी ऊर्जा येते कुठून? झाड तर बागेतच राहिलं, आणि कॉटखाली ऊनही नाही. आमच्या घरची थोडी कलमं आहेत, त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही, तर पेटीला काय भाव मिळेल याचा आहे.

सुरुवात पानापासून करू. पानातल्या हरितद्रव्यावर ऊन पडलं की त्या ऊर्जेने पाण्याचा रेणू फुटतो. त्यातला ऑक्सिजन बाहेर जातो (आपण घेतो तो हाच, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे), आणि उरलेल्या मालातून व हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून साखर तयार होते. हे प्रकाशसंश्लेषण. पानावर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम एक-दोन टक्के ऊर्जा शेवटी साठवली जाते. सोलर पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास देतं, म्हणून पानाला हसू नका. पॅनेल स्वतःच स्वतःला बनवत नाही, आणि बॅटरीही वेगळी आणावी लागते. इथे बॅटरी म्हणजे आंबा. पानातली साखर देठातून फळात येते आणि स्टार्चच्या रूपात साठते. कच्चा आंबा पिठूळ लागतो तो त्यामुळेच.

साठवलेली ऊर्जा वापरायची तर साखर ऑक्सिजनच्या मदतीने हळूहळू 'जाळावी' लागते. हे श्वसन. ते पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात चालतं, आणि झाडं ते फक्त रात्री करतात हा निव्वळ गैरसमज आहे. दिवसाही चालूच असतं, प्रकाशसंश्लेषणाच्या जोरामुळे दिसत नाही इतकंच. ग्लुकोजच्या एका मोलमधून साधारण २८७० किलोज्यूल निघतात. त्यातला तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के एटीपी नावाच्या रेणूंत पकडला जातो. एटीपी म्हणजे पेशीचे सुटे पैसे! बाकीची उष्णता.

आता आंबा तोडला. बागायतदार 'चौदा आणे' तयार झालेलं फळ झेल्याने देठासकट उतरवतो. त्या क्षणी फळाची आवक बंद, खर्च मात्र चालू. तोडलेलं फळ मेलेलं नसतं. ते इथिलिन वायू सोडतं, श्वसन एकदम वाढतं, स्टार्चची साखर होते, आम्ल कमी होतं, रंग चढतो. या सगळ्याला ऊर्जा पुरते ती त्याच साठ्यातून. भाताच्या पेंढ्यात घातलेल्या अढीत हात घालून बघा, आतली ऊब कळते.

ही ऊबच आमची डोकेदुखी. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग अंदाजे दुप्पट होतो. वेग वाढला की आणखी उष्णता, मग आणखी वेग. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक! पेट्यांना भोकं नसतील, ट्रकमध्ये हवा खेळत नसेल, तर वाशीला पोचेपर्यंत मधला माल उतरून जातो. म्हणून आंबा भल्या सकाळी काढायचा आणि लगेच सावलीत न्यायचा. थेट फ्रीजसारख्या थंडीत ठेवावा तर तेही नाही, साधारण बारा अंशांच्या खाली फळाला थंडी बाधते आणि ते नीट पिकतच नाही.

साक्याचं दुखणं याहून वाईट. बाहेरून फळ देखणं, कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग. तिथे स्टार्चची साखर झालेलीच नसते. म्हणजे बॅटरी भरलेली, पण वायर तुटलेली. गिऱ्हाईक शिव्या बागायतदाराला घालतं, आणि त्याला बाहेरून काहीच दिसलेलं नसतं.

होस्टेलवाल्यांनी एक पाळावं. आंबे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. आतला ऑक्सिजन संपला की पेशी बिनहवेच्या श्वसनावर जातात. त्यात एका ग्लुकोजमागे तीसेकऐवजी दोनच एटीपी मिळतात, आणि वर अल्कोहोल तयार होतं. मग खोलीला जो वास येतो, त्याचा खुलासा रेक्टर सरांना देत बसा!

आणि पिकलेला आंबा खाल्ला की तीच साखर आपल्या मायटोकॉन्ड्रियात जाते. अडीचशे ग्रॅमच्या हापूसमध्ये साखर समजा २४ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४०० किलोज्यूल. नुसता बसलेला माणूस साधारण ८० वॅट खर्च करतो. भागाकार केला तर ५००० सेकंद, म्हणजे जवळजवळ एक तास तेवीस मिनिटं. एका जर्नलला किती आंबे लागतील, ते ज्याचं त्याने काढावं.