निबंधाच्या आधीचा कागद

पुण्यातला तो ३०० शब्दांचा निबंध आठवतोय ना? मे २०२४. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर गेले. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट होती निबंधाची. मग मीम्सचा पूर आला. एखादं तुम्हीही फॉरवर्ड केलं असेल. राग रास्तच होता, दोन घरांतली पोरं गेली होती. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागेच राहिला. समोर उभा केलेला मुलगा कोण आहे, कसा आहे, हे मंडळाला सांगतं कोण?

आधी सिनेमातलं कोर्ट डोक्यातून काढा. मंडळावर एक मॅजिस्ट्रेट असतात आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात किमान एक महिला. उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही. मुलाला घेऊन येणाऱ्या पोलिसाने गणवेश घालायचा नाही, बेड्या तर नाहीतच. मुलाला म्हणायचं 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. शब्द बोजड आहे, मान्य, पण 'गुन्हेगार'पेक्षा बरा.

या टेबलावर जो कागद सगळ्यात महत्त्वाचा, त्याचं नाव सामाजिक तपासणी अहवाल. परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, यांनी तो दोन आठवड्यांत द्यायचा असतो. घरात कोण कोण, शाळा का सुटली, कामाला जात असेल तर पगार कुठे जातो, मित्र कोणत्या वयाचे, घरी मारहाण होते का, असं बरंच काही त्यात विचारलेलं असतं. समजा, दोन मुलांनी बाइक चोरली. दोघांच्याही अहवालात 'संगत वाईट, अभ्यासात रस नाही' एवढंच लिहिलं, तर मंडळापुढे दोघं सारखेच. पण त्यातला एक दहावीला नापास झाल्यावर घरातून पळालाय आणि दुसऱ्याला एका मोठ्या माणसाने चोरीसाठीच हाताशी धरलंय, हे कुणी घरी जाऊन, बसून, विचारून लिहिलं, तर निर्णय वेगवेगळे होतील. एकाला समुपदेशन, दुसऱ्याला आधी त्या माणसापासून लांब नेणं. अहवाल लिहिणाऱ्याच्या पायपिटीवर एवढं अवलंबून असतं.

वय १६ ते १८ आणि आरोप निर्घृण गुन्ह्याचा (म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षांची) असेल, तर मामला आणखी नाजूक होतो. म्हणजे तुम्ही अकरावी-बारावीत होतात ते वय. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ सांगतं की, मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करायचं: मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. त्यावरून ठरतं, प्रकरण मंडळाकडेच राहणार की प्रौढांसारखा खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे जाणार. मंडळाकडे राहिलं तर विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. तिकडे गेलं तर कितीतरी मोठी शिक्षा होऊ शकते. फाशी मात्र नाही.

आता गंमत बघा. आज मुलगा समोर बसलाय, आणि तपासायचं काय, तर काही आठवड्यांपूर्वी, त्या रात्री, त्याला काय कळत होतं! गुरुग्रामच्या एका शाळेतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हाच धागा पकडला. मानसिक क्षमता आणि परिणामांची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं न्यायालयाने बजावलं. गणितं पटापट सोडवणाऱ्या मुलाला आपल्या कृतीने समोरच्या कुटुंबाचं आणि स्वतःचं पुढे काय होणार हे कळतंच असं नाही. (आपल्या वर्गात आजूबाजूला बघा, पटेल.) मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्र शिकलेलं कुणी नसेल, तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल, हेही तिथेच स्पष्ट झालं. कायद्यात शब्द होता 'घेऊ शकते'.

ही गरज काही नवी नाही. १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं आणि दहाच वर्षांत कळलं की, नुसत्या सदिच्छेवर ते चालत नाही. १९०९ मध्ये विल्यम हीली नावाच्या डॉक्टरच्या हाताखाली तिथे क्लिनिक उघडलं. एकेका मुलाची तपासणी, घरची माहिती, शाळेचा इतिहास असं सगळं एकत्र ठेवून अभ्यास. हीलीला सापडलं ते हे की, गुन्ह्यामागे एकच एक कारण क्वचितच असतं.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्सने या मूल्यांकनाची पद्धत नीट लिहून काढली आहे. मुंबईत 'टिस'चा बाल न्यायासाठीचा रिसोर्स सेल निरीक्षणगृहांत हेल्पडेस्क चालवत आलाय. बाहेर बाकावर बसलेल्या आईला 'पुढची तारीख म्हणजे काय' हे समजावून सांगण्यापासून काम सुरू होतं. सायकॉलॉजी, एमएसडब्ल्यू किंवा लॉ करत असाल, तर इंटर्नशिपसाठी फक्त कॉर्पोरेटची दारं ठोठावू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून अर्ज करता येतो, त्याला लॉची डिग्री लागत नाही. पुढे मंडळावर सदस्य व्हायचं असेल, तर मुलांसोबत सात वर्षांचं काम किंवा त्या विषयातली पदवी आणि प्रॅक्टिस हवी.

आणि तिथे गेलात तर फोन खिशातच राहू द्या. मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये. कलम ७४ मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. तुमच्या इन्स्टा स्टोरीलाही हे लागू आहे आणि कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टलासुद्धा.