आरमाराचा तनखा व लोकल फंड

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयी एक मार्मिक नियम आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलावर नेमून द्यावा, बंदरच्या अनिश्चित पैदास्तीवर नेमू नये. तसे केल्यास सावकारांस उपद्रव होऊन सावकारी बुडते. आरमाराचे ठाणे असलेल्या कुलाबा प्रांती हेच तत्त्व पुढे निराळ्या रूपाने आढळते. इ. स. १८६३ पासून साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्याचे दोन हिस्से रस्त्यांस व एक हिस्सा शाळांस नेमलेला असे. १९६२ साली जिल्हा परिषद झाली. सबब आमची विनंती की, संग्राहकांनी सनदांबरोबर लोकल बोर्डाचे जमाखर्चही राखावेत. कोणत्या गावच्या शाळेस कायमची नेमणूक होती व कोणती सालोसालच्या मेहेरबानीवर राहिली, हे त्यांवाचून कळणे नाही.