उपटावें कोणतें, राखावें कोणतें?

शिवडीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली म्हणजे चिखलाचें विस्तीर्ण मैदान उघडें पडतें. हिवाळ्यापासून त्यावर रोहित पक्षी चरतात, व कडेस तिवरांची हिरवी रांग उभी असते. पाण्यांतील व कांठावरील झाडोरा काढून प्रवाह मोकळे करावे, असा उपदेश हल्लीं ऐकूं येतो. तो योग्यच आहे. परंतु झाडोरा कोणता, हें आधीं ठरविलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

काश्मीरच्या वुलर सरोवराचें उदाहरण घेऊं. जळण, फळांच्या पेट्या इत्यादिकांसाठीं तेथें गेल्या शतकांत विलोचीं लाखों झाडें लाविलीं गेलीं. आपल्याकडे ओढ्याकांठीं वाढणारा वाळुंज त्याच कुळांतला. त्या झाडांच्या मुळांशीं गाळ अडकून सरोवर उथळ झालें. मग झाडें तोडावीं लागलीं व गाळही उपसावा लागला. नुसतें खोड तोडून भागत नाहीं. बुंध्यास पुन्हां धुमारे फुटतात, आणि वाहून गेलेली डहाळी ओल्या कांठावर मूळ धरते.

मुंबईंतील तसाच उपद्रव म्हणजे जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. फिकट जांभळ्या फुलांच्या मोहानें मनुष्यानेंच ती देशोदेशीं नेली. १८९१ सालीं बांधलेल्या पवई तलावावर तिचा गालिचा वारंवार पसरतो. त्याखालीं उजेड पोंचत नाहीं, प्राणवायु घटतो व मासे गुदमरतात. अनुकूल स्थितींत ती सुमारें दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचें बीं चिखलांत कित्येक वर्षें जिवंत राहतें. म्हणून ती फुलांपूर्वींच काढावी, व काढलेला ढीग कांठावर ठेवूं नये. नाहीं तर पहिल्याच पावसांत तो परत पाण्यांत जातो. तथापि सांडपाण्याचें खत मिळत आहे तोंवर हें काम संपावयाचें नाहीं. सांडपाणी रोखणें हाच मुळावरचा घाव होय.

तिवराची गोष्ट निराळी. जलपर्णीस समुद्राचें खारें पाणी सोसत नाहीं. तिवराचें झाड त्यांतच वाढतें, श्वासासाठीं मुळें चिखलाबाहेर काढतें, लाटांचा जोर मोडतें आणि मासळीच्या पिलांस आसरा देतें. तें येथलें मूळचें रहिवासी आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं राज्यभर त्याच्या तोडीस मनाई केली; सार्वजनिक हिताचें काम असलें तरी न्यायालयाची अनुमति लागते.

विद्यार्थीमित्रहो, स्वच्छतेसाठीं खाडीवर जाल तेव्हां कोयता उचलण्यापूर्वीं झाडाचें नांव विचारा. पालकांसही विनंति, कीं घरच्या हौदांतील परकी पाणवनस्पति तळ्यांत वा नाल्यांत टाकूं नये. एक मूठभर रोप टाकावयास क्षण पुरतो. तें काढावयास पिढी अपुरी पडते.