सोसायटीचं दफ्तर सभासदाचं

सप्टेंबर उजाडला की राज्यभरच्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर एक कागद लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभा, वेळ, ठिकाण, विषयपत्रिका आणि तळाशी एक ठरलेली ओळ असते : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. ही ओळ इतकी अंगवळणी पडली आहे की पुष्कळ सभासद मुळातच अर्धा तास उशिरा येतात. आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा कमी तेवढी हजेरी गणपूर्तीला पुरते. म्हणजे तीनशे सदनिकांच्या संकुलातही वीसच माणसं हवीत. तीही वेळेवर जमत नाहीत. मग सात-आठ हात वर होतात आणि वर्षभराचा हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक, लाखो रुपयांची रंगरंगोटी, सगळं मंजूर होतं.

कायदा मात्र या सभेला फार वरचं स्थान देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. कलम ७३ नुसार रोजचा कारभार समितीकडे सोपवलेला आहे. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार यांची सत्ता ही सोपवलेली सत्ता आहे, आणि ज्यांनी सोपवली त्यांना तिचा हिशेब विचारता आला पाहिजे. हिशेब विचारायचा तर आधी कागद बघायला मिळाला पाहिजे. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांच्यातली बहुतेक भांडणं शेवटी याच जागी येऊन ठेपतात : सभासदाने कागद मागितला आणि तो मिळाला नाही.

ही व्यवस्था उभी राहिली ती विश्वासावर, पण आंधळ्या विश्वासावर नव्हे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. या कामामागे राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. इमारत संस्थेची आणि राहणारे तिचे भागधारक, ही कल्पना तेव्हा नवीन होती. चाळीच्या मालकापुढे भाडेकरूला बोलता येत नसे. इथे राहणारेच मालक, त्यामुळे मालकाने काय केलं हे त्यांनी एकमेकांनाच विचारायचं होतं. नोंदवह्या, लेखापरीक्षण, निबंधक ही चौकट सहकाराच्या कायद्यात पहिल्यापासून आहे, ती त्याचसाठी.

१९६० च्या कायद्याच्या कलम ३२ ने सभासदाला दफ्तर पाहण्याचा हक्क दिला. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं, तेव्हा त्यातही हा हक्क पुन्हा लिहिला गेला. कार्यालयीन वेळेत, एक पैसाही न देता सभासदाला काय पाहता येतं? कायदा, नियम आणि उपविधींची प्रत, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, समितीच्या सभेचं इतिवृत्त, आणि संस्थेच्या वह्यांमधला त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचा भाग. लेखी अर्ज करून ठरलेलं शुल्क भरलं की या कागदांच्या प्रती देणं संस्थेवर बंधनकारक आहे. का हव्यात, हे सांगण्याची सक्ती नाही. समितीच्या सभेचं इतिवृत्तही या यादीत आहे, हे अनेक सभासदांना ठाऊक नसतं. काही सेक्रेटरींनाही नसतं.

या यादीत एक फट मात्र आहे. कंत्राटदाराची बिलं, निविदांचे लिफाफे, बँकेची विवरणपत्रं यांचं नाव तिथे स्पष्टपणे नाही. आणि माणसाला शंका येते ती नेमकी तिथेच. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला चार लाख लागले, हे ताळेबंदात दिसतं. ते काम तीन दरपत्रकं मागवून दिलं की कुणाच्या ओळखीच्या माणसाला दिलं, हे ताळेबंद सांगत नाही. कागद मागितल्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली आहेत. ‘सभेत विचारा.’ ‘ऑडिट झालंय ना?’ ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ या शेवटच्या प्रश्नाने मोठमोठी माणसं गप्प बसतात, कारण जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं! मला वाटतं, आपल्या सोसायट्यांच्या कारभारातली खरी अडचण कायद्यापेक्षा या संकोचात जास्त आहे. हिशेब मागणं म्हणजे चोरीचा आरोप करणं, असं आपण धरून चाललो आहोत.

अशा वेळी सभासदाला दोन वाटा आहेत आणि दोन्ही फारशा वापरल्या जात नाहीत. पहिली म्हणजे दोषदुरुस्ती अहवाल. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या त्रुटींवर काय केलं, हे समितीने नमुना ‘ओ’मध्ये लिहून निबंधकाला द्यायचं आणि सर्वसाधारण सभेपुढेही ठेवायचं असतं. लेखापरीक्षकाने ‘कामाच्या निविदा आढळल्या नाहीत’ असं एका ओळीत लिहिलं असेल, तर त्या ओळीचं उत्तर या नमुन्यात असलं पाहिजे. ताळेबंदाच्या झेरॉक्सवर तासभर वाद घालणाऱ्या सभेत हा कागद कुणी मागत नाही.

दुसरी वाट निबंधकाच्या दारातून जाते. सोसायटीला थेट माहिती अधिकार लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०१३ रोजी हे स्पष्ट केलं. त्याच निकालात पुढे असंही आहे की निबंधक हा सार्वजनिक प्राधिकारी आहे, आणि कायद्याने संस्थेकडून जी माहिती तो मागवू शकतो ती त्याच्याकडे माहिती अधिकारात मागता येते. व्यक्तीच्या खासगीपणाची मर्यादा अर्थातच राहते. निकालाचा पहिला अर्धा भाग समित्यांना तोंडपाठ असतो. दुसरा अर्धा सभासदांनी पाठ करायला हवा. याशिवाय एक पंचमांश सभासद एकत्र आले तर ते विशेष सर्वसाधारण सभा बोलवायला लावू शकतात, आणि कलम ८३ खाली निबंधकाकडे चौकशीही मागू शकतात. पन्नास घरांच्या सोसायटीत त्यासाठी दहा सह्या लागतात.

इतिवृत्ताबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण सोसायटीत सत्ता खरी कुठे असते तर ती इतिवृत्ताच्या वहीत. सभेत काय झालं हे दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. वहीत काय आहे तेवढंच उरतं आणि सहकार न्यायालयातही तेच चालतं. सभेत आठ जणांनी विरोध केला आणि वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असं आलं, की ते आठ जण कागदावर नाहीसे होतात. म्हणूनच आदर्श उपविधी सांगतात, की कच्चं इतिवृत्त आधी सगळ्या सभासदांना पाठवायचं, त्यांच्या हरकती मागवायच्या आणि मगच ते कायम करायचं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीचं इतिवृत्त पुढच्या वर्षीच्या सभेत भराभर वाचलं जातं आणि त्याच दमात मंजूर होतं. सभासदाने वर्षातून एकच काम करायचं ठरवलं, तर ते हे करावं : सभेनंतर कच्चं इतिवृत्त लेखी मागावं आणि हरकत असेल तर ती लेखी द्यावी.

पैशांच्या बाबतीत नियम त्या मानाने स्पष्ट आहेत. सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं, मग घर एका खोलीचं असो की चार खोल्यांचं. लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यालाही द्यावा लागतो. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी घातलेली ही मर्यादा मुंबई उच्च न्यायालयानेही उचलून धरली. हस्तांतरणाचं अधिमूल्य महानगरपालिका हद्दीत २५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. तरीही ‘ऐच्छिक देणगी’ या नावाने त्याहून कितीतरी मोठी रक्कम मागितली जाते आणि ना-हरकत पत्रासाठी अडलेला माणूस ती देतो. पार्किंगचं तसंच. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये सांगितलं, की स्टिल्टमधली जागा बिल्डरला विकता येत नाही, ती सामाईक आहे. जागा सामाईक ठरली, म्हणजे ती कोणाला कशी दिली याची यादीही सगळ्यांसमोर हवी.

समितीची बाजूही नीट पाहायला हवी. हे लोक पगार घेत नाहीत. टाकीचा पंप बिघडला की रात्री त्यांचाच दरवाजा वाजतो. समितीच्या निर्णयांची जबाबदारी एकत्रितपणे आणि वैयक्तिकही त्यांच्यावर येते. ज्या सभेत आपण गप्प बसलो तिच्या निर्णयाचा भुर्दंड आपल्यालाही पडू शकतो, हे समितीवरच्या कितीतरी निवृत्त गृहस्थांना आणि गृहिणींना कुणी सांगितलेलंच नसतं. असहमती इतिवृत्तात नोंदवून घेणं हेच त्यांचं संरक्षण. उघडा कारभार प्रामाणिक खजिनदाराला सर्वात जास्त उपयोगी पडतो. दर महिन्याला जमाखर्च फलकावर लागत असेल तर त्याच्या पाठीमागे कुजबुज करायला जागा उरत नाही.

झाकपाक नसूनही माहिती वेळेत आणि नीट पोचली नाही तर काय होतं, हे पाहायला फ्लोरिडातल्या सर्फसाइडकडे जावं लागेल. तिथली ‘शॅम्पलेन टॉवर्स साउथ’ ही १९८१ मध्ये बांधलेली १३६ सदनिकांची इमारत घरमालकांचं निवडून आलेलं मंडळ चालवत असे. २०१८ मध्ये एका अभियंत्याने तरणतलावाच्या डेकखालच्या स्लॅबचं मोठं नुकसान झाल्याचं लेखी दिलं. त्यानंतर झालेल्या सभेत शहराच्या बांधकाम अधिकाऱ्याने इमारत चांगल्या स्थितीत असल्याचं सांगितलं, अशी नोंद इतिवृत्तात राहिली. खर्चावरून भांडणं झाली, २०१९ मध्ये मंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी मंजूर व्हायला २०२१ चा एप्रिल उजाडला. २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. इमारत पडण्याची तांत्रिक कारणं आणखीही आहेत. पण जवळपास तीन वर्षं एक अहवाल घरमालकांमध्ये फिरत होता आणि त्याचं गांभीर्य सगळ्यांपर्यंत एकसारखं पोचलं नव्हतं, हे त्यातून दिसतं. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा बदलला आणि ढाच्याच्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी सभासदांच्या मतानेही टाळता येणार नाही, असं ठरवलं.

आपल्याकडे यासाठी सिंकिंग फंड आहे. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. पण मेंटेनन्स वाढवायला कोणी तयार नसतं. मग तो अहवाल कपाटात राहतो आणि त्याचा गोषवारासुद्धा फलकावर येत नाही. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल झेरॉक्स काढून घरोघर द्यावा, इतकी साधी गोष्ट आपण अजून पद्धत म्हणून स्वीकारलेली नाही.

आणि पुनर्विकास. इथे पाव टक्क्याचा हिशेब संपतो आणि कोट्यवधींचा सुरू होतो. सभासदांना विश्वासात घेतलं जात नाही, निविदा मनमानीने काढल्या जातात, अशा तक्रारींचा ढीग झाल्यावर शासनाने कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी कार्यपद्धती ठरवून दिली; ४ जुलै २०१९ रोजी ती सुधारली. सभेचं चित्रीकरण, सल्लागाराची नेमणूक सभेतून, निविदा सर्वांसमोर उघडणं, बिल्डरची निवड निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर करणं, इतकं सगळं त्यात आहे. उच्च न्यायालयाने अनेक निकालांत ही कार्यपद्धती निर्देशात्मक मानली, म्हणजे एखादी पायरी चुकली म्हणून आख्खा पुनर्विकास रद्द होईलच असं नाही. त्यामुळे पायरी चुकते आहे हे सभासदाला त्याच वेळी कळणं जास्त महत्त्वाचं ठरतं. नंतर कळून फारसा उपयोग होत नाही.

सुधारित कार्यपद्धतीत एकूण सभासदांपैकी एक्कावन्न टक्क्यांची संमती पुरते. आधीची अट याहून कडक होती, आणि चार-दोन जणांच्या हट्टापायी मोडकळीला आलेल्या इमारतींत लोक अडकून पडत, म्हणून ती सैल केली हे योग्यच झालं. पण त्याचा अर्थ असा, की विरोधात मत दिलेल्या माणसालाही घर रिकामं करून भाड्याच्या जागेत जायचं आहे, आणि परत येणाऱ्या घराचं क्षेत्रफळ, बँक हमी, भाड्याची मुदत या सगळ्याला तोही बांधलेला आहे. सल्लागाराचा अहवाल, बिल्डरांच्या प्रस्तावांचा तुलनातक्ता आणि करारनाम्याचा मसुदा मतदानाआधी पुरेसे दिवस हातात मिळण्याचा पहिला हक्क त्या एकोणपन्नास टक्क्यांचा आहे.